आकादियन पूर्वजाचं कुटुंब चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतून कसं शोधायचं

आकादिया ही उत्तर अमेरिकेतली फ्रेंचांची जुनी वसाहत. आजच्या नोव्हा स्कॉशिया, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड बेटाच्या किनाऱ्यांवर सतराव्या शतकात थोडी फ्रेंच कुटुंबं येऊन राहिली, खाडीला बांध घालून त्यांनी शेती केली आणि तीन-चार पिढ्यांत सगळी एकमेकांची सोयरी झाली. १७१३च्या उत्रेख्त तहाने मुख्य भूभाग ब्रिटिशांकडे गेला. १७५५ ते १७६३ या काळात ब्रिटिशांनी या लोकांना जहाजांत घालून हद्दपार केलं. त्यामुळे एकाच माणसाचा बाप्तिस्मा ग्रां-प्रेला, लग्न फ्रान्समधल्या सां-मालोला आणि दफन लुईझियानात, अशी उदाहरणं वारंवार भेटतात.

तुमच्या घरात न्यू ब्रन्सविक किंवा लुईझियानाकडची सून वा जावई असेल, किंवा तुम्ही त्या भागात राहत असाल, तर ल ब्लां, एबेर, बूद्रो, कोमो, तिबोदो, रोबिशो ही आडनावं कानावर पडली असतील. त्या घराण्यांचा माग काढायचा तर मुख्य साधन चर्चच्या वह्या. त्रेंतच्या धर्मसभेने १५६३मध्ये प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, बाप्तिस्मा आणि विवाहाची वही ठेवणं बंधनकारक केलं. वसई-गोव्यातल्या जुन्या चर्चच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना आकादियातल्या नोंदींचा साचा लगेच ओळखू येईल.

आधी अलीकडून मागे या

पहिल्याच दिवशी १६७१च्या जनगणनेत आडनाव शोधायला जाऊ नका. तिथे तुमचं आडनाव सापडेलही, कारण पुष्कळ आकादियन आडनावं तिथे आहेत. पण तो माणूस तुमचा पूर्वज आहे हे त्यातून ठरत नाही. आजच्या पिढीपासून एकेक पायरी मागे जा आणि प्रत्येक पायरीला मूल आणि आईबाप यांना जोडणारी एक तरी नोंद हातात ठेवा.

ही पायरी सर्वात भक्कम बांधते ती विवाहाची नोंद. तिच्यात वर आणि वधू दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आणि फ्रेंच कॅथलिक रिवाजात स्त्रीचं माहेरचं आडनाव आयुष्यभर टिकतं. लग्नानंतरच काय, दफनाच्या नोंदीतही ती माहेरच्याच नावाने येते. म्हणून ‘जोसेफ एबेर आणि मारी तिबोदो’ ही जोडी पकडली की त्याच नावाच्या दुसऱ्या जोसेफ एबेरपासून तुमचा जोसेफ वेगळा काढता येतो. जोसेफ, जां, पिएर, शार्ल आणि मारी, मार्गरित, आन या मोजक्या नावांवर सगळा समाज चाले. एकट्या पुरुषाचं नाव शोधणं म्हणजे वेळ वाया घालवणं. शोध नेहमी जोडप्याचा करा.

एकोणिसाव्या शतकापर्यंतचं काम बरंचसं संगणकावर होतं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडा. क्युबेक आणि आसपासच्या कॅथलिक वह्यांसाठी द्रुआं संग्रह बघा, त्याला वर्गणी लागते. लुईझियानासाठी बॅटन रूज धर्मप्रांताने छापलेले नोंदींचे खंड आहेत. स्पॅनिश अमलाखालच्या लुईझियानात पाद्री बहुधा स्पॅनिशमध्ये लिहीत, त्यामुळे जां ‘हुआन’ होतो आणि पिएर ‘पेद्रो’. त्या काळातल्या कित्येक बाप्तिस्म्यांत आजी-आजोबांची, दोन्हीकडच्या, नावं दिलेली असतात. एका नोंदीत तीन पिढ्या मिळतात, म्हणून लुईझियानाचा धागा असेल तर तिथल्या प्रत्येक भावंडाचा बाप्तिस्मा काढाच.

कोणती वही उरली आहे

हद्दपारीआधीच्या आकादियात पाद्री कमी आणि वस्त्या विखुरलेल्या होत्या. त्यातही पुष्कळ वह्या धामधुमीत नाहीशा झाल्या. शोध सुरू करण्याआधी पुढची यादी जवळ ठेवा.

पोर-रोयाल, म्हणजे आजचं अ‍ॅनापोलिस रॉयल. सां-जां-बातिस्त धर्मग्रामाच्या १७०२ ते १७५५च्या वह्या हॅलिफॅक्सच्या नोव्हा स्कॉशिया अभिलेखागारात आहेत. मूळ पानांची छायाचित्रं आणि नावांची सूची दोन्ही त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. नवख्याने सराव इथेच करावा. १७०२च्या आधीच्या इथल्या वह्या उरलेल्या नाहीत.

ग्रां-प्रे. सां-शार्ल-दे-मीन धर्मग्रामाच्या १७०७ ते १७४८च्या वह्या हद्दपार झालेल्या लोकांनी सोबत नेल्या आणि त्या शेवटी लुईझियानात पोचल्या. आज त्या बॅटन रूज धर्मप्रांताच्या अभिलेखागारात आहेत. घरदार गेलं तरी वही सोडली नाही, ही त्या माणसांची जाण विलक्षण आहे. आज ग्रां-प्रेच्या घराण्यांचं जे काही सांगता येतं त्यातलं पुष्कळ त्यांच्यामुळेच.

बोबासँ, शिग्नेक्टोच्या खाडीवर. इथला १६७९ ते १६८६चा तुकडा आकादियातल्या उरलेल्या चर्च-नोंदींत सर्वात जुना. पुढे १७१२ ते १७४८चा भाग मिळतो; तो फ्रान्समध्ये ला रोशेलच्या जिल्हा अभिलेखागारात आहे.

केप ब्रेटन बेटावरचं लुईबुर्ग (१७२२ ते १७५८) आणि आजच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे पोर-ला-जोआ व सां-पिएर-द्यु-नोर यांच्या वह्या फ्रान्सच्या एक्स-आं-प्रोव्हांस इथल्या सागरपार अभिलेखागारात आहेत.

पिसिगित, कोबेगित आणि रिव्हिएर-ओ-कानार इथल्या वह्या गेल्या. तुमचा पूर्वज तिथला असेल तर बाप्तिस्म्याची नोंद शोधत बसू नका; त्याच्यासाठी वेगळा रस्ता आहे, तो पुढे दिला आहे.

एक नोंद पूर्ण वाचणं

सूचीत नाव दिसलं की थांबायचं नाही. सूची करणाऱ्याने नाव, तारीख, आईबाप एवढंच घेतलेलं असतं. कुटुंबाचं जगणं उरलेल्या ओळींत असतं. मूळ पानाचं चित्र उघडा आणि आडनाव शोधण्याआधी त्याच पाद्र्याच्या हातच्या दहा-बारा नोंदी वाचून काढा. मजकूर ठरीव असतो. त्याची ‘र’, ‘स’, ‘न’ लिहायची लकब एकदा बसली की नावं आपोआप सुटतात. लांब शेपटीचा ‘स’ हा ‘फ’सारखा दिसतो, ‘यू’ आणि ‘व्ही’ची अदलाबदल होते. पहिली चूक बहुतेकांची इथेच होते.

बाप्तिस्म्यात पाहायचं ते असं: बाप्तिस्म्याची तारीख, जन्म कधीचा (आजचा, कालचा, की चार महिन्यांपूर्वीचा), औरस असल्याचा उल्लेख, आईवडील, धर्मपिता आणि धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे), कोण सही करतो आणि कोण नुसती खूण करतो. जन्म आणि बाप्तिस्मा यांत काही महिन्यांचं अंतर असेल तर त्या वस्तीत पाद्री नव्हता, तो फिरतीवर आला तेव्हा नोंद झाली. ‘ओंदोआये’ हा शब्द दिसला तर मूल अशक्त होतं, किंवा पाद्री हाताशी नव्हता, म्हणून सुइणीने वा शेजाऱ्याने तातडीने पाणी घातलं होतं आणि चर्चचा विधी नंतर पुरा केला गेला.

विवाहात पाहायचं ते असं: लग्नाआधी चर्चमध्ये करायच्या तीन रविवारच्या घोषणा झाल्या, का त्यांतून सूट मिळाली, दोघांचे आईवडील, त्यांच्यातलं कोण हयात नाही, आधीचा जोडीदार, राहण्याचा धर्मग्राम आणि साक्षीदार. मयताच्या नावाआधी ‘फ्यो’ हा छोटा शब्द येतो किंवा ‘देफँ’. तो सुटला तर आजोबांचं मरण वीस-वीस वर्षं चुकीच्या जागी पडतं. उलट बाजूने हीच ओळ कामाची: एका मुलाच्या लग्नात बाप हयात आणि दोन वर्षांनी दुसऱ्याच्या लग्नात मयत, तर दफनाची नोंद नसली तरी मृत्यूचा काळ सापडला. ‘अल्पवयीन’ या शब्दाने मात्र गोंधळू नका; जुन्या फ्रेंच कायद्यात पंचविशीपर्यंत माणूस अल्पवयीन असे.

विवाहाची तारीख ईस्टरआधीच्या उपवासकाळात किंवा नाताळआधीच्या चार आठवड्यांत पडत असेल तर महिना पुन्हा वाचा. त्या काळात चर्च लग्नं लावत नसे. तसं लग्न विशेष परवानगीनेच होई आणि तिचा उल्लेख बहुधा नोंदीत मिळतो.

दफनाच्या नोंदीतलं वय अंदाजे असतं. ‘सुमारे साठ’ म्हणजे पंचावन्नही असेल आणि अडुसष्टही. तान्ह्या मुलांची दफनं बऱ्याचदा नोंदलीच गेलेली नाहीत, म्हणून नोंद नाही याचा अर्थ मूल जगलं असा घेऊ नका.

नात्याची सूट: हिच्यावर सर्वात जास्त वेळ द्या

कॅथलिक चर्च चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात लग्नाला मनाई करी. लहान समाजात ती पाळणं अवघड, म्हणून वरिष्ठांकडून सूट घेतली जाई आणि पाद्री ती विवाहाच्या नोंदीत लिहून ठेवी. ‘तिसऱ्या पायरीच्या रक्तसंबंधातून सूट’ ही अर्धी ओळ म्हणजे वर आणि वधू यांचे पूर्वज कुठे एकत्र येतात याची त्या काळातली लेखी साक्ष.

मोजणी समजून घ्या. आपल्याकडे सपिंड नातं पाहताना स्वतःला एक धरून वर मोजत जातात. चर्चचा हिशोब समान पूर्वज सोडून खाली येतो: भावंडं पहिल्या पायरीवर, सख्खी चुलत-मावस-आते-मामे भावंडं दुसऱ्या, पणजोबा-पणजी समान असतील तर तिसऱ्या, आणि खापरपणजोबांची जोडी समान असेल तर चौथ्या पायरीवर. ‘तिसरी ते चौथी’ असं लिहिलं असेल तर एकजण समान जोडप्यापासून तीन पिढ्या खाली आहे आणि दुसरा चार.

आता हे वापरायचं कसं. तिसऱ्या पायरीची सूट असेल तर वराकडे पणजोबा-पणजींच्या चार जोड्या, वधूकडेही चार, म्हणजे तपासायच्या सोळा शक्यता. चौथ्या पायरीला हीच संख्या आठ गुणिले आठ, चौसष्ट. कागदावर तक्ता आखा. ज्या शाखेत पूर्वज थेट फ्रान्सहून आलेला सैनिक किंवा कारागीर आहे आणि त्याचे नातेवाईक आकादियात नाहीत, ती रांग खोडा. ज्या जोड्या आधीच पूर्ण माहीत आहेत आणि जुळत नाहीत, त्या खोडा. उरलेल्या चौकटींसाठी वराच्या सख्ख्या चुलतभावांची लग्नं बघा: वधूच्याच घराण्यातल्या त्याच पिढीच्या मुलीशी लग्न करताना त्यांनाही तीच सूट लागली असेल तर नातं वराच्या बापाकडून आहे, फक्त मावसभावांना लागली असेल तर आईकडून. ज्या पहिल्या पिढीची एकही बाप्तिस्म्याची नोंद उरलेली नाही, तिच्यातली कित्येक भावंडं अभ्यासकांनी याच पद्धतीने ओळखली आहेत.

इथे दोन खड्डे आहेत. सूट ‘रक्तसंबंधाची’ आहे की ‘सोयरिकीची’ हे नीट वाचा. विधुराने मेलेल्या बायकोच्या चुलतबहिणीशी लग्न केलं तर सूट लागते, पण वर-वधूंचे पूर्वज समान असतीलच असं नाही. दुसरं, सूट दिसत नाही म्हणून नातं नाही असं समजू नका. पाद्र्याला सगळंच सांगितलं जाई असं नाही, आणि काही पाद्री नोंदीत पायरी न लिहिता नुसतं ‘सूट घेऊन’ एवढंच लिहीत.

कुटुंबपत्रक

प्रत्येक जोडप्यासाठी एक पान करा. वर विवाहाची तारीख आणि जागा. खाली प्रत्येक मुलामागे एक ओळ: जन्म, बाप्तिस्मा, धर्मपिता, धर्ममाता, लग्न, दफन, आणि प्रत्येक नोंदीचा पत्ता म्हणजे वही, वर्ष, पान. पत्ता त्याच वेळी लिहा. नंतर ते पान पुन्हा शोधणं फार जड जातं.

मुलं वयाच्या क्रमाने मांडली की कुटुंब बोलायला लागतं. साधारण दोन-दोन वर्षांचं अंतर दिसतं. साडेतीन-चार वर्षांची फट दिसली तर चार गोष्टी तपासा: जन्मून गेलेलं, नोंद नसलेलं मूल, वहीतली गहाळ पानं, शेजारच्या धर्मग्रामात झालेला बाप्तिस्मा, किंवा कुटुंबाचं स्थलांतर. १७४९-५०च्या सुमाराची फट बहुधा या शेवटच्या कारणाची असते. तेव्हा पुष्कळ घराणी ब्रिटिश हद्द सोडून सां-जां बेटाकडे, म्हणजे आजच्या प्रिन्स एडवर्ड बेटाकडे, किंवा शिग्नेक्टोच्या फ्रेंच बाजूला गेली. १७५०मध्ये बोबासँ गावच जाळलं गेलं. अशा वेळी १७५२ची द ला रोकची जनगणना काढा. तिच्यात बेटांवरच्या कुटुंबांची नावं, वयं, मूळ गाव आणि जनावरांपर्यंत तपशील आहे.

एकाच घरात दोन मार्गरित दिसल्या तर दोन शक्यता असतात: पहिली वारली आणि नाव पुन्हा ठेवलं, किंवा दोघी जगल्या आणि व्यवहारात एकीला मधल्या नावाने हाक मारली जाई. दुसऱ्या मार्गरितच्या जन्मानंतरच्या नोंदींत पहिली कुठे येते का पाहा.

धर्मपिता-धर्ममाता यांचा वेगळा रकाना का, तर ती बहुतेक वेळा घरचीच माणसं असतात. पहिल्या मुलाला आजोबा आणि पलीकडची आजी, पुढच्यांना काका, मावशा, मग मोठी भावंडं. आईच्या माहेरचा शोध अडला असेल तर सगळ्या मुलांच्या धर्मपित्यांतली तिच्या आडनावाची माणसं वेगळी काढा. तीच तिचे भाऊ-बहीण असण्याची दाट शक्यता, आणि त्यांच्या लग्नाच्या नोंदीत आईबापांची नावं मिळतात.

जनगणनांची जोड

१६७१, १६८६, १६९३, १६९८ आणि पुढे १७००, १७०१, १७०३, १७०७, १७१४ अशा जनगणना मिळतात. पहिल्या चारांत बायकोचं माहेरचं नाव आणि मुलं सापडतात. नंतरच्या काहींत फक्त कुटुंबप्रमुख आणि डोक्यांची संख्या आहे. वयं दोन-चार वर्षांनी हलतात, म्हणून एकाच माणसाचं वय सगळ्या जनगणनांतून एका ओळीत मांडा आणि मधला काळ धरा. १६७१ची गणना करणाऱ्या पाद्री मोलँना पोर-रोयालला सगळेच दाद देत नव्हते: पीपं करणारा पिएर लानू प्रकृती उत्तम असल्याचा निरोप पाठवून वय सांगायला नकार देतो, तर एतिएन रोबिशो घरातून निघून जातो आणि बायकोकरवी कळवतो की जनावरांचा नि जमिनीचा हिशोब देणार नाही. जनावरं-जमीन असूनही त्यांचे रकाने कोरे राहिले, हे लक्षात ठेवा. रकाना रिकामा म्हणजे माणूस निर्धन असा अर्थ लावू नका.

वहीच नसेल तेव्हा

पिसिगित, कोबेगित आणि रिव्हिएर-ओ-कानारच्या लोकांसाठी शोध हद्दपारीनंतरच्या कागदांतून उलटा करावा लागतो. कुटुंब कोणत्या जहाजाने कुठे गेलं हे आधी ठरवा.

१७५५ला न्यू इंग्लंडच्या वसाहतींत, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकटमध्ये, उतरवलेल्यांना कॅथलिक पाद्री मिळत नसे. त्यामुळे दहा-बारा वर्षं चर्चची नोंदच नाही. लग्नं साक्षीदारांसमोर झाली. ही कुटुंबं १७६६च्या सुमारास क्युबेकला पोचली तेव्हा तिथल्या पाद्र्याने तीच लग्नं विधिवत कायम केली आणि आठ-दहा वर्षांच्या मुलांना ‘सशर्त’, म्हणजे आधी झाला नसेल तरच लागू होणारा, बाप्तिस्मा दिला. लासोंप्सियों, बेकांकूर, यामाशिश, निकोले या धर्मग्रामांत असल्या नोंदी ओळीने मिळतात. १७६७ची ‘लग्न’ तारीख पाहून सात वर्षांचं मूल लग्नाआधीचं ठरवणं ही इथली नेहमीची चूक.

व्हर्जिनियाने आपल्या वाट्याचे लोक उतरवून न घेता इंग्लंडला पाठवले. ते १७६३मध्ये फ्रान्सला गेले. त्यांच्यातली ७८ कुटुंबं १७६५मध्ये ब्रिटनी किनाऱ्यासमोरच्या बेल-ईल बेटावर वसवली गेली आणि १७६७मध्ये प्रत्येक कुटुंबप्रमुखाने शपथेवर आपली वंशावळ सांगितली: कोण कुठे जन्मलं, कोणाशी कोणत्या धर्मग्रामात लग्न, आईबाप कोण, कोण कुठे वारलं. गेलेल्या वह्यांना याहून चांगला पर्याय नाही. तुमचा थेट पूर्वज बेल-ईलला गेला नसेल तरी त्याचा भाऊ किंवा मेहुणा गेला असेल. म्हणून आडनावाची प्रत्येक साक्ष वाचा. स्मृतीतून सांगितलेल्या तारखा एखाद-दोन वर्षांनी चुकतात, नाती सहसा चुकत नाहीत.

१७५८मध्ये सां-जां बेटावरून थेट फ्रान्सला नेलेल्यांचा शोध सां-मालो आणि शेजारच्या सां-सेर्व्हांच्या वह्यांत घ्या. त्या डिसेंबरात ‘ड्यूक विल्यम’ आणि ‘व्हायोलेट’ ही दोन जहाजं बुडाली. अख्खं कुटुंब १७५२नंतर कुठेच दिसत नसेल तर हे कारण ध्यानात असू द्या. फ्रान्समध्ये तगलेल्यांपैकी सुमारे १६०० जण १७८५मध्ये सात जहाजांतून लुईझियानाला गेले. त्यांच्या प्रवासी याद्या कुटुंबवार आहेत.

नावं, महिने, दिनदर्शिका

‘दि’ हा शब्द दोन नावांमध्ये आला की पुढचं टोपणनाव असतं: मिशेल आशे दि गालां, मिशेल रिशार दि सांसूसी. पुढे काही शाखांनी टोपणनावच आडनाव केलं. प्रिन्स एडवर्ड बेटावरचे गॅलंट हे मूळचे आशे. इंग्रजी मुलखात ल ब्लां ‘व्हाइट’ झाले, पोआरिए ‘पेरी’, ओक्वँ ‘वेज’. शोधताना नावाची सगळी रूपं टाका.

सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने जुने पाद्री आकड्यात लिहितात: ७ आणि त्यापुढे ‘ब्र’ म्हणजे सप्टेंबर, ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर आणि रोमन दहा डिसेंबर. ७ला जुलै समजलं की बाळ आईबापांच्या लग्नाआधी जन्मतं.

फ्रेंच पाद्री ग्रेगोरियन दिनदर्शिका वापरत. ब्रिटिश कागद १७५२पर्यंत ज्युलियन. अठराव्या शतकात फरक अकरा दिवसांचा. पोर-रोयालची शरणागती ब्रिटिशांकडे २ ऑक्टोबर १७१०, फ्रेंचांकडे १३ ऑक्टोबर. दोन्ही बाजूंचे कागद वापरत असाल तर प्रत्येक तारखेपुढे कोणती दिनदर्शिका ते लिहा.

जुळलेल्या वंशवृक्षांबद्दल

तयार वंशवृक्ष इंटरनेटवर हजारोंनी आहेत आणि एकमेकांची नक्कल करतात. त्यांचा उपयोग फक्त खुणेपुरता. पडताळणीसाठी मॉन्क्टन विद्यापीठाच्या आकादियन अभ्यास केंद्राने १९९९मध्ये काढलेला, १६३६ ते १७१४च्या घराण्यांचा दोन खंडांचा कोश ग्रंथालयात मिळवा; त्यात प्रत्येक विधानामागचा पुरावा दिलेला आहे.

माहेरचं नाव न सापडलेल्या स्त्रीपुढे ‘मिग्माक’ (तिथले मूळ रहिवासी) असं लिहून टाकण्याची सवय विशेष पसरली आहे. मिग्माक स्त्रियांशी लग्नं झाली, हे खरं. पण ते त्या-त्या जोडप्याच्या नोंदीतून किंवा १७०८च्या मिग्माकांच्या जनगणनेतून दाखवता यायला हवं. नाव रिकामं असेल तर रकाना रिकामा ठेवा. डीएनए चाचणीतल्या जुळण्याही जपून वाचा: पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्नं झाल्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा भाऊबंद तिसऱ्या-चौथ्या पिढीचा वाटतो. अशी जुळणी मिळाली की दोन्हीकडची कुटुंबपत्रकं समोर ठेवून समान जोडपी मोजा. आकादियनांत ती एकाहून अधिक निघतात.